पांढरा बॉक्सर

भावाने मुंबईहून आणलेलं बॉक्सरचं पिल्लू पांढरंफटक होतं. बॉक्सर म्हणजे तांबूस नाहीतर पट्टेरी अंग, तोंडावर काळा मुखवटा, खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे, कपाळावर आठ्या. पांढरा रंग एक तृतीयांश अंगाहून जास्त असला की कुत्रा प्रदर्शनाच्या नियमात बसत नाही, म्हणून मूळ मालकाने ते फुकट देऊन टाकलं होतं. पोलादपूरजवळच्या आमच्या बौद्धवाडीत, पडवीत बसून भावाने हे सगळं आईला समजावलं.

"नियमात बसत नाय म्हनून टाकलान?" आई म्हणाली. "मंग हितंच राहू दे. असले नियम आपन लय बघितलेत."

वाढला तसा अंगापिंडाने पैलवान झाला, पण हाक मारली की ढिम्म. वाडीने त्याला माजोरडा ठरवून टाकलं. मी रविवारी महाडहून जायची तेव्हा घसा फोडून ओरडायची आणि वैतागायची. त्याला ऐकूच येत नाही, हे फक्त आईच्या लक्षात आलं. पांढऱ्या बॉक्सरमध्ये हे पुष्कळदा असतं, असं जनावरांच्या डॉक्टरने नंतर सांगितलं. तोवर आईने स्वतःचा उपाय शोधलाही होता. सारवलेल्या अंगणात ती जोरात टाच आपटायची. जमिनीतून ते त्याला कळायचं आणि लाळ उडवत तो धावत यायचा.

"मी त्येला पायानं हाक मारते," ती ऐटीत सांगायची. गुडघे दुखायचे, पण हा मान तिने दुसऱ्या कुणाला दिला नाही. तोही तिच्याशिवाय कुणाच्या हातचं खात नसे.

तापाचं निमित्त झालं आणि आई गेली.

तिला अंगणात ठेवलं होतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं येत होती, वाडीतली, महाडची, पार कुडपणची. आमचं रडणं त्याला ऐकू येत नव्हतं. पावलं मात्र कळत होती. कुणीही आलं की तो आठ्या घालून, आखूड शेपटी हलवत धावायचा, पाय हुंगायचा, वर तोंडाकडे बघायचा आणि परत फिरायचा. मला ते बघवेना.

"बांधा रे त्याला, मधेमधे करतंय," कुणीतरी म्हणालं.

"नाय बांधायचं," मी ओरडले.

मग तिला उचललं. सगळी माणसं एकदम चालायला लागली आणि तो अंगणाच्या मधोमध गरगर फिरू लागला. चारी बाजूंनी आई हाक मारत होती, आणि जायचं कुठे ते त्याला कळत नव्हतं.