बाबांच्या ड्रिलचा वेग

गावात प्यायलाच पाणी नव्हतं, तिथं बांधकामं कोण काढणार? मुरुडजवळच्या आमच्या बौद्धवाड्यातली विहीर आटली आणि बाबांची मजुरी बंद पडली. चूल एकवेळच पेटायची. मग आम्ही लातूरला आलो. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जिथं कचेरी, तिथं नवी पाटी. पाट्यांचं कंत्राट घेणाऱ्या एका गुत्तेदाराकडं बाबांना काम मिळालं. ॲक्रिलिकच्या पाटीला भोकं पाडायची, स्क्रूनं भिंतीवर बसवायची.

ड्रिल जुनं. बटण दाबलं की एकदम सुसाट. ॲक्रिलिक आधी वितळायचं, मग तडकायचं. तिसरी पाटी गेली तेव्हा गुत्तेदार म्हणाला, "आता एक जरी फुटली तर दुसरा माणूस बघतो."

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. म्हणलं, "बाबा, वेग मी कमी करून देते." आणि केलं काय, तर घरच्या पंख्याचा रेग्युलेटर काढून ड्रिलला जोडला! ड्रिल हळू फिरलं, पण पाटीला टेकवलं की थांबायचं. जोर लावला तर रेग्युलेटरमधून धूर.

आई म्हणाली, "वा गं फिजिक्सवाली! भोक बी न्हाई, आन् आता वारा बी न्हाई."

मग पुस्तकं धुंडाळली. नांदेडच्या एका रेडिओवाल्याकडून ट्रायक आणला. नखाएवढा तुकडा, तीन पाय. घरातली वीज सेकंदाला शंभरदा उसळते आणि ओसरते. हा तुकडा प्रत्येक उसळीला क्षणभर अडवतो, मग पुऱ्या जोरानं सोडतो. किती अडवायचं, ते आपण बटण फिरवून ठरवायचं. वाचलं होतं सगळं, तरी खरं वाटत नव्हतं.

लाकडी खोक्यात सगळं जोडलं, ड्रिल लावलं, बटण जरासं फिरवलं. ड्रिलचं पातं इतकं सावकाश फिरायला लागलं, की त्याच्यावरची खाच दिसत होती. आम्ही तिघंही नुसते बघत राहिलो. डोळ्यांना न दिसणारी वीज माझ्या दोन बोटांचं ऐकत होती!

"आगं माय," बाबा हळूच म्हणाले, "हे तर जात्यावानी फिरायलंय."

दुसऱ्या दिवशी गुत्तेदारासमोरच त्यांनी नव्या पाटीवर ड्रिल टेकवलं. पांढरा, सलग कीस वर आला. चारी भोकं पडली, पाटी शाबूत. काम बाबांकडंच राहिलं.