बिडीशिवाय भाऊ

"बिडीची तलफ कधी कधी येते, सर?" समुपदेशन करणाऱ्या बाईंनी विचारलं, तेव्हा मी शाळेतल्या हुशार पोरासारखी उत्तरं दिली. सकाळी चहासोबत. जेवण झाल्यावर. तास संपवून वर्गाबाहेर आलो की. अमरावतीच्या दवाखान्यातली ती लहानशी खोली. साखरेमुळे माझ्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, आणि बिडी सुटली नाही तर अंगठ्याचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणून मी तिथे बसलो होतो. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. शेवटी म्हणाल्या, "आणि कोणासोबत पेता?"

"एकटाच," मी म्हणालो.

हे खोटं होतं.

माझा मोठा भाऊ अकोल्यात राहतो. विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान. आम्ही भाऊ भाऊ म्हणून फार बोलणारे कधीच नव्हतो. घरात, पंगतीत, लग्नाकार्यात आमची दोन वाक्यं व्हायची नाहीत. पण रविवारी संध्याकाळी मी अकोल्याला गेलो, की तो दुकानाचं शटर अर्धं खाली घ्यायचा. तो जळक्या मोटारीच्या सांगाड्यावर बसायचा, मी समोर तेलाच्या डब्यावर. एका काडीत दोन बिड्या पेटायच्या, आणि मग तो बोलायला लागायचा. आमचे वडील शेवटी काय म्हणाले ते. वहिनीचं पहिलं मूल पोटातच गेलं ते. मी पोरांवर उगाच ओरडतो तेही. बिडी संपली की बोलणं संपायचं, मग आम्ही दुसरी पेटवायचो. ती दुसरी काही तलफेसाठी नसायची, असं मला आता वाटतं.

"ज्यांच्यासोबत पेता त्यांच्यापासून थोडे दिवस दूर राहा," हे बाई सगळ्यांनाच सांगत. मी ते मुकाट्याने पाळलं. निकोटिनचं चिंगम चघळायला शिकलो. थोडं चावायचं, जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवायचं. बिडी सुटली. अंगठा भरून येऊ लागला. बायकोने गल्लीभर सांगितलं.

तलफ येते आणि थोड्या वेळात ओसरते, पाणी प्या, चक्कर मारा, असं बाई म्हणायच्या. ते खरं होतं. रविवारी संध्याकाळी मला जे व्हायचं ते मात्र ओसरायचं नाही. तलफेला छातीएवढी जागा पुरते, पण हे तर साऱ्या घरात भरून राहायचं. आत्ता तो शटर खाली घेत असेल. आत्ता काडी ओढली असेल, एकाच बिडीसाठी. मूर्तिजापूर ओलांडलं की गाडीतून दिसणारी काळी रानं मला बसल्या जागी दिसायची. या ओढीला नाव काय द्यावं ते कळत नव्हतं. नाव दिलं असतं तर ते बाईंना सांगावं लागलं असतं.

भावाला मी फोनवर सांगायचो, पेपर तपासायचे आहेत.

"काय बे मास्तर," तो हसायचा, "पेपर तपासून राहिला का छापून राहिला?" हसता हसता खोकला यायचा. मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू यायचा. त्याच्या फुफ्फुसांनी जवळपास हात टेकले होते. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला होता. "जिंदगीभर लोकाइचे पंप दुरुस्त केले, आता मलेच पंप लागला," असं म्हणून तो फोन ठेवायचा. ये, असं त्याने कधी म्हटलं नाही.

उन्हाळा असाच गेला. मग एक दिवस वहिनींचा फोन आला. भाऊ दवाखान्यात भरती होता, आणि आता घरीही आला होता.

"मले कळवलं काहून नाही, वहिनी?"

"तेच म्हणाले, नोको सांगू. त्याले पेपर असतात म्हणे."

दुसऱ्या दिवशी मी बाईंसमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. मी एकटा पेत नव्हतो. ज्याच्यासोबत पेत होतो त्याला मी टाकून दिलं, आणि तुमच्या सल्ल्याआड लपलो. त्याला पाहिलं तर मी बिडी पेटवीन याची मला भीती होती. आणि अंगठा मला भावापेक्षा जवळचा वाटला, हे सांगायचीही.

बाई म्हणाल्या, "सर, हे आधी काहून नाही सांगितलं? मी पानठेल्यावरच्या दोस्तांबद्दल बोलत होती. भाऊ सोडा असं कोण म्हणन?" मग त्यांनी मला जायचं कसं ते सांगितलं. चिंगम सोबत न्या. बिडी सोडली हे त्यांना जायच्या आधीच कळवा. दुकानात बसू नका. अकोल्यातही असं बिडी-तंबाखू सोडवायचं केंद्र आहे, त्यांनाही घेऊन जा.

"आणि पेलीच तं?"

"तरी इथं या. पेली म्हणून लोक यायचं बंद करतात, तिथंच सारं बिघडते."

बिडी सोडली एवढं फोनवर सांगून मी गेलो. भाऊ खाटेवर उशांना टेकून बसला होता. शर्ट त्याचाच, पण दुसऱ्या कोणाचा वाटावा इतका सैल. वहिनी चहा ठेवून आत गेल्या. आम्ही दोघं बसलो. बोलायला सुरुवात कशी करतात हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा हात दोनदा खिशाकडे गेला, माझाही.

"भाऊ, पेपरबिपर काही नव्हते," मी म्हणालो. "तुले पाहिलं की मले बिडी लागते. म्हणून आलो नाही."

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. "मले वाटलं, माह्या खोकल्याची घिन येते तुले."

"नाही रे."

"मी अजून पेतो," तो हळूच म्हणाला. "संडासात जाऊन. तुया वहिनीले नोको सांगू."

आतून आवाज आला, "वहिनीले वास येते!"

तो हसला, खोकला, पुन्हा हसला. मी त्याला चिंगम दिलं, चघळायचं कसं ते दाखवलं. "गाईवानी दिसून राहिला बे," तो म्हणाला. अकोल्याच्या केंद्रात जायचं म्हटल्यावर नाही म्हणाला नाही. "पाहू," म्हणाला.

परतताना स्टेशनबाहेर मी एक बिडी घेतली आणि पूर्ण ओढली. तेही बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "भेटले ना पण?" एवढंच विचारलं.

आता मी दर रविवारी जातो. भाऊ दोनदा केंद्रात जाऊन आला, आणि दोनदा त्याने टाळलं. आमच्या बोलण्यात अजून मोठमोठ्या फटी राहतात; तिथे पूर्वी धूर असायचा. काल त्याचा फोन होता. येत्या रविवारी म्हणे माझ्या जेवणासाठी तो स्वतः बाजारातून वांगी आणून ठेवणार आहे. बाजारापर्यंत त्याच्याने चालवत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. मी म्हणालो, काटेरी देठाचे पाहून आणजो.