रोह्याच्या गाडीनंतर उघडणारं दार

पेणपासून रोह्यापर्यंतच्या मुलखात कोंबडीचा मूलभूत विचार दोनच माणसांनी केला: एक मी आणि दुसरे नाना. माझा विचार जास्त खोल होता. अंडी नानांच्या कोंबड्या जास्त देत.

नाना कासूतले माझे शेजारी. भातशेती, मागे परसू, परसात मातीचं खुराडं. मी रोह्याच्या शाळेत मास्तर, कोंबडीपालनावरची तीन पुस्तकं वाचलेला. पुस्तकाबरहुकूम मी पक्की शेड बांधली. नऊ कोंबड्या कायम आत, पायाखाली भाताच्या तुसाची गादी. सरपंचांनी फीत कापली आणि गावाच्या उज्ज्वल भवितव्यावर पाऊण तास बोलले. नाना जाळीला नाक लावून पाहत होते. शेवटी म्हणाले, "बेस हाय, मास्तर. पन ह्यांचा गुन्हा काय?"

पावसाळ्यात तूस दमट झालं आणि कोंबड्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या. शेजारी नानांच्या कोंबड्या कुंपणाखालचे किडे टिपत गुबगुबीत होत होत्या. मला वाईट वाटलं. माझ्या कोंबड्यांबद्दल नव्हे.

नानांचं खुराडं सकाळी रोह्याहून येणारी गाडी गेल्याशिवाय उघडत नसे. गाडी लेट झाली की कोंबड्याही लेट. कारण मी अगदी सहज, कुंपणावरून, विचारलं. "आदी सोडली त झुडपात घालतील अंडा. मंग मुंगूस जेवंल." संध्याकाळी परत आत, म्हणजे कोल्ह्याचं भय नाही. भाताची रोपं कोवळी असेपर्यंत मात्र दिवसभर कोंडून, पुढ्यात दाणे. कापणी झाली की सगळ्या शेतात, सांडलेलं भात वेचायला. त्यात माझंही शेत आलं.

"नाना, तुमच्या कोंबड्या माझ्या शेतात चरतात!"

"व्हय. तुमच्या आत हायेत, म्हनून जागा गावली."

घरातही फितुरी झाली. बायको पदराखालून नानांकडची अंडी आणू लागली. पकडली तेव्हा म्हणाली, "आपल्याच शेतात पोसलेल्यात त्या. घरचीच समजा."

मग मी सूड घेतला. रोह्यातल्या एका शेतकरी मेळाव्यात 'मिश्र संगोपनाचे फायदे' या विषयावर व्याख्यान दिलं: खाद्य कमी लागतं, पक्षी निरोगी राहतो, अंडी हाती लागतात, शेताला खत मिळतं. सगळं नानांचं. नाव मात्र मी 'काही प्रयोगशील शेतकरी' असं घेतलं. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. खाली उतरलो तर शेवटच्या रांगेतून नाना उठले.

"बरा बोललात. गाडीचा तेवडा र्‍हायला."

खरंच राहिलं होतं. दार कधी उघडायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हसले आणि परतीच्या गाडीत त्यांनी माझी शाल मांडीवर घेऊन कासूपर्यंत सांभाळली.

दुसऱ्या दिवसापासून मीही शेडचं दार उघडू लागलो, गाडी गेल्यावर. नानांनी कुंपणावरून पाहिलं आणि ते आपल्या कोंबड्या मोजू लागले. तेही मला लागलं.

दोन वर्षांनी, कापणीच्या दिवसांत, नाना गेले. तेराव्यानंतर वहिनी आल्या. लेकीकडे पेणला राहायला निघाल्या होत्या. "कोंबड्या तुमीच ठेवा, मास्तर. ते बोलायचे, मास्तरला समाजतंय." इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते प्रशस्तिपत्र हे असं मिळालं, आणि दाखवायला समोर नाना नव्हते.

आठवडाभर मी नानांच्या कोंबड्यांना माझ्या कोंबड्यांबरोबर शेडमध्ये कोंडून सवय लावली. मग एका सकाळी, रोह्याची गाडी गेल्यावर, दार उघडलं. संध्याकाळी दाणे हातात घेऊन दारात उभा राहिलो आणि हाक मारली. नानांच्या कोंबड्यांनी मान वळवून पाहिलं, कुंपणाखालून एकामागून एक पलीकडे गेल्या आणि रिकाम्या खुराड्यात जाऊन बसल्या.

माझ्या नऊही त्यांच्या मागोमाग गेल्या.