चिकटपट्टीखालचं बटण

सगळ्यात आधी अक्कांचं सांगतो. त्या नसत्या तर पुढचं काही झालंच नसतं. धुळ्याला देवपुरात ज्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहतो, त्या अक्का. त्यांचे मालक एस.टी.वर ड्रायव्हर, गाडी बहुतेक मुक्कामी. लेक बाहेरगावी नर्सिंग शिकते. घरात अक्का आणि त्यांचे सासरे, आबा. संध्याकाळी त्यांच्याकडे बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून वंदना होते. तेवढा वेळ मी माझ्या खोलीतल्या मोबाइलचा आवाज बारीक करून ठेवतो. याहून जास्त आमचं नातं नाही.

मी जळगाव जिल्ह्याच्या पार पूर्वेकडचा, केळीच्या पट्ट्यातला. सातवीत शाळा सुटली आणि घड वाहायला लागलो. पुढे बरीच वर्षं इकडेतिकडे करून नरडाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागलो. आईवडील गेले. गावाकडे आपलं म्हणावं असं एकच घर, बहिणीचं. पाय धड असतील तर एका दिवसाचा रस्ता. पण त्या उन्हाळ्यात कामावरून येताना मोटारसायकल घसरली आणि पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. मग तो रस्ता परदेशासारखा झाला.

भाचीचं लग्न ठरलेलं होतं. मी तिचा सख्खा असा एकच मामा. आमच्याकडे नवरीला मंडपात मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. बाकी कोणी काही विसरलं तर चालतं, मामाची जागा रिकामी चालत नाही. गाडी करून न्यायचं बोलणं झालं, पण डॉक्टर म्हणाले, हाड हललं तर प्लास्टर काढून पुन्हा बसवावं लागेल. बहीण फोनवर म्हणाली, "भाऊ, तू नको येऊ. चुलतभाऊ उभा राहीन तुह्या जागी. पण पोरगी काय म्हणते आयक."

मागून भाचीचा आवाज आला. "मामा, चुलतमामाच्या हातात फोन देईन मी. त्यात तुम्ही दिसल्याशिवाय खोलीतून निघनार नाही. भटजी बोंबलू दे का मुहूर्त जाऊ दे."

ती लहानपणापासून असंच बोलते आणि तसंच करते. म्हणून मला घोर लागला. कारण माझा मोबाइलही माझ्याबरोबरच पडला होता. काचेच्या मधोमध शाई सांडल्यासारखा काळा डाग आला होता. कडेकडेचं दिसायचं, बोटही लागायचं, पण माणसाचा चेहरा जिथे येतो नेमका तिथे काळं. कॅमेरा चांगला होता. म्हणजे मी तिला दिसलो असतो, ती मला दिसली नसती. अक्कांकडे बटणाचा फोन. आबांकडे तोही नाही.

मी हे सहज बोललो होतो. गाऱ्हाणं म्हणून नाही, अक्का भाकरी घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं म्हणून. त्या उंबऱ्यातच थांबल्या. म्हणाल्या, "आमना टीव्हीवर फोन दखास ना. पोरगी दिवाळीले उनी तव्हय लावे." म्हणजे मोबाइलवरचं सगळं त्यांच्या टीव्हीवर दिसायचं, लेक दिवाळीला आली की लावायची.

लग्नाच्या दिवशी कुबडीवर पुढच्या खोलीत आलो. अक्कांनी पाय ठेवायला स्टूल दिलं, पाठीला उशी लावली. टीव्ही मोठा, भिंतीवरचा. त्याला केबलवाल्याचा डबा जोडलेला आणि लेकीच्या जुन्या लॅपटॉपची वायर लोंबत होती. रोज चालायचा तो डब्याचा रिमोट. टीव्हीचा खरा रिमोट कपाटात, अजून प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर बांधलेलं. अक्कांनी तो काढला तेव्हा मला दिसलं की त्याच्या वरच्या कोपऱ्यात पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे. इंजेक्शन दिल्यावर लावतात तसली, दुहेरी.

"हाई काय शे?" अक्कांनी विचारलं.

आबा खुर्चीत सावरून बसले. "हात लावू नको त्याले. मीच लायेल शे."

त्या पट्टीखाली टीव्हीला जोडलेल्या वस्तू बदलायचं बटण होतं. दिवाळीनंतर कधीतरी आबांचा अंगठा त्यावर पडला, पडदा निळा झाला आणि 'सिग्नल नाही' अशी पाटी आली. आबांनी डबा आपटून पाहिला, वायरी काढून फुंकल्या, केबलवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी चौकातला मेकॅनिक आला, एक बटण दाबलं आणि चहा पिऊन गेला. तो गेल्यावर आबांनी बटणच बंद करून टाकलं. त्यांचं म्हणणं असं की टीव्ही डब्यावरून एकदा दुसरीकडे गेला की परत येईलच असं नाही. मला ते पटलं, खरं सांगायचं तर. मीही तसाच माणूस आहे. चाललेलं आहे ना, मग हात कशाला लावा.

मी म्हणालो, "अक्का, राहू द्या. मी आवाज ऐकेन नुसता."

"बातम्यासना टाइम व्हयी ऱ्हायना," आबा म्हणाले. "निळा पडना तर?"

"निळा पडना तर पडू द्या," अक्का म्हणाल्या. "निळाले काय भ्यावानं, आबा? तो काय चावस?" आणि नखाने पट्टीचा कोपरा उचकटायला लागल्या. पट्टी जुनी झालेली, चिकटा रिमोटवरच राहत होता. त्या नखाने खरवडत होत्या आणि बोलत होत्या, माझ्याकडे न बघता. "माले भाऊ नही, मनी मायलेबी नव्हता. मना लगीनमा मामानी जागावर दूरना एक जण उभा करेल व्हता. फोटोमा कोन शे ते माले अजून माहीत नही." आबा हसले.

बटण मोकळं झालं. अक्कांनी आधी भिंतीवरच्या बोर्डावर डब्याचा खटका बंद केला, मग बटण दाबलं. पडद्याच्या कडेला एक यादी उघडली. डबा, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आणि शेवटी मोबाइलचं चित्र. अक्का एकेक खाली जात होत्या. लॅपटॉपवर थांबल्या तर पडदा निळा झाला. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच तो निळा घेऊन आलो होतो. अक्का आणखी खाली गेल्या. मी मोबाइलच्या कडेला जे दिसत होतं त्यावरून टीव्हीचं नाव शोधलं, बोट ठेवलं. थोडा वेळ एक चक्र फिरत राहिलं. मग माझा मोबाइल टीव्हीवर आला, मोठा, आणि त्यावर काळा डाग नव्हता.

बहिणीचा फोन आला तेव्हा मंडप टीव्हीभर पसरला. केळीचे खांब, पंखे, लाल खुर्च्या, ओळखीची आणि बिनओळखीची डोकी. भाची खोलीच्या दारात होती, मुंडावळ्या बांधलेली. मी पाहतच राहिलो.

"भाऊ, कुठी पाहून राह्यला?" बहीण ओरडली. "इकडे पाय ना! आम्हाले तुहा कानच दिसते."

मी टीव्हीकडे बघत होतो आणि कॅमेरा हातातल्या मोबाइलमध्ये होता. मोबाइलकडे बघितलं तर ती दिसायची नाही, टीव्हीकडे बघितलं तर मी तिला दिसायचो नाही. अक्कांनी त्यावरही उपाय काढला. डाळीचा डबा आणला, टीव्हीच्या खालच्या फळीवर ठेवला, त्याला मोबाइल टेकवला. मला पुढे ओढून बसवलं. आता माझी नजर जवळपास सरळ गेली.

"आता दिसले," भाची म्हणाली. "मामा, दाढी नाही केली?"

"पाय मोडला त्याचा, दाढी करायचा हात कुठी मोडला!" चुलतभाऊ मागून म्हणाला आणि मंडपात हशा झाला. मी ओशाळलो, पण बरं वाटलं. ती खोलीतून निघाली. चुलतभावाने एका हाताने तिचा हात धरला होता, दुसऱ्या हातात फोन. म्हणजे मी तिच्याबरोबर चालत होतो, थोडा हलत, थोडा वाकडा.

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. आणि टीव्हीवर कंबरदुखीच्या मलमाची जाहिरात लागली.

असं झालं होतं की आबा हळूच उठले होते आणि त्यांनी बोर्डावरचा डब्याचा खटका चालू केला होता. बातम्या बघायच्या म्हणून नव्हे. डबा फार वेळ बंद राहिला तर त्यातली चॅनेलं पुसली जातात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. नुसता चालू करून ठेवावा, एवढाच त्यांचा विचार. पण डबा जागा झाला की टीव्ही आपणहून त्याच्याकडे वळतो, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मंडप गेला. जाहिरातीतली बाई मोठ्याने कण्हत होती.

मी उठायला गेलो. कुबडी घसरली. "लगीन गयं, अक्का, लगीन गयं," असं मी त्यांच्याच बोलीत ओरडलो म्हणे, मला आठवत नाही.

"बठा! पडशाल!" अक्कांनी मला खांद्याला धरून बसवलं आणि रिमोट उचलला. तेवढ्यात डाळीच्या डब्याजवळून आवाज आला. बारीक, मंगलाष्टकांच्या मधून.

"मामा, हलू नका. तुम्ही दिसता."

भाचीच होती. चुलतभावाने मागून फोन तिच्या खांद्यावरून पुढे धरला होता आणि ती अंतरपाटाच्या आडून, मान न हलवता बोलत होती, हे नंतर व्हिडिओत दिसलं. टीव्ही दुसरीकडे गेला होता, फोन तसाच चालू होता. तिच्या बाजूला काहीच तुटलं नव्हतं. तिथे मी अजून तिच्या मागे होतो, कुबडी पाडून, भेदरलेल्या तोंडाने, आणि अक्कांच्या खोलीतून साऱ्या मांडवाला मलमाची जाहिरात ऐकू जात होती.

अक्का खाली वाकून म्हणाल्या, "पुन्हा लावू का?"

पुन्हा लावायचं म्हणजे मोबाइल हातात घ्यायचा, टीव्हीचं नाव शोधायचं, चक्र फिरेपर्यंत थांबायचं. तोपर्यंत मी तिला दिसलो नसतो. मी मान हलवली, नको. मोबाइलच्या वरच्या बाजूच्या त्या बारीक छिद्राकडे बघत बसलो. त्याखाली काळा डाग, आणि डागामागे कुठेतरी ती. मला काहीच दिसत नव्हतं. तिला मी दिसत होतो.

आबांना एकाएकी उमजलं असावं. ते उठले आणि त्यांनी बोर्डावरचा मोठा खटका खाली केला. टीव्ही, डबा, वरचा पंखाही, सगळं बंद. जाहिरात थांबली. उकाड्यात मंगलाष्टकं स्वच्छ ऐकू यायला लागली. आबा उभेच राहिले, हात बांधून. बातम्यांची वेळ निघून गेली.

अक्का आत गेल्या आणि वंदनेसाठी आणून ठेवलेली झेंडूची फुलं घेऊन आल्या. पाकळ्या मोकळ्या करून माझ्या ओंजळीत दिल्या. "आमनामा लगीनले अक्षता नही, फुलंच टाकतस," एवढंच म्हणाल्या. भटजींचा आवाज चढला, तिकडे वाजंत्री लागली, आणि आम्ही तिघांनी डाळीच्या डब्यावर पाकळ्या टाकल्या.

"मामा," फोनमधून भाची हसत ओरडली, "काहीच दिसेना! फूल काढा ना वरचं!"

अक्कांनी बोटाने ती पाकळी बाजूला केली. बहुधा त्यांचं बोट तिकडे अख्ख्या मंडपाला दिसलं असेल.

लग्नाचा व्हिडिओ पुढे आला, काच बदलल्यावर मी तो पाहिला. त्यात चुलतभावाच्या हातातल्या फोनमध्ये मी आहे, नखाएवढा. आता प्लास्टर निघालं आहे, कामावर जातो. रिमोटवर पुन्हा पट्टी आलेली नाही. तिच्या चिकट्यावर धूळ बसून तो कोपरा काळा झाला आहे. आबा कधीकधी स्वतःच ते बटण दाबतात, निळं बघतात आणि परत येतात.

अक्कांच्या लेकीचं शिक्षण संपत आलं आहे. तिच्या लग्नाचं मी अजून कोणाकडे बोललेलो नाही, माझा तसा अधिकारही नाही. पण अक्का, हे तुमच्यासाठी लिहून ठेवतो. तो दिवस येईल तेव्हा मामाच्या जागी दूरचा कोणी शोधू नका. मी जिथे असेन तिथून येईन, दाढी करून, आणि माझ्या दोन पायांवर तिच्या मागे उभा राहीन. फोटोत कोण आहे, हे तिला कोणाला विचारावं लागणार नाही.