कागदावर समदं चालतं

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचे सांगायला मोकळी. मी एक अख्खे पुस्तक बिघडवले आहे. त्यात जिथे जिथे एक हा आकडा होता, तिथे तिथे मी एल दाबला. इंग्रजीतला बारका, उभ्या काडीसारखा एल. हसू नका. आमच्या टायपिंग क्लासातल्या मशीनवर एकाचे बटणच नव्हते. अर्जांवरच्या तारखा एल दाबूनच निघायच्या आणि कुठल्या कचेरीने कधी हरकत घेतली नाही. त्या क्लासात मी पहिली आले होते. आणि पहिली आलेली बाई कुणाला काही विचारत नाही, हा माझा त्या वेळचा मोठा आजार.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी सव्वीस वर्षांची, केस नुकते कापलेले, नाक त्याहून वर. औरंगाबादच्या औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानावर संगणक शिकवणारी एक संस्था निघाली, तिथे मला टायपिस्ट म्हणून घेतले. संगणक पाच आणि पंखा एक, तोही संगणकांसाठी. तिथे बेसिक नावाची संगणकाची भाषा शिकवत. ती मराठीतून समजावणारे पुस्तक संस्था काढणार होती. मराठी मजकूर छापखान्यात जुळवायचा. उदाहरणे, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांचे नमुने, मी संगणकावर टाइप करून त्यांचे प्रिंट द्यायचे. ती उदाहरणे लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या होत्या अनसाबाई.

नाव अनसूया, पण सगळे अनसाबाईच म्हणत. शहराजवळच्या शेंद्रा गावातल्या शेतकऱ्याघरच्या, गणितात पदवी घेतलेल्या, चाळिशी उलटलेल्या, पदर कायम कमरेला खोचलेला. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे पहिले उदाहरण ठेवले. प्रत्येक ओळ बरोबर कागदाच्या मध्यावर, दोन्हीकडे सारखी जागा. त्यांनी कागद हात लांब करून धरला.

"लगीन कुणाचं हाय?"

"म्हणजे?"

"पत्रिका छापलीस नव्हं. वर श्रीगणेशाय नमः तेवढं राहिलं बग."

शेजारच्या बाकावरची पोरे हसली. मी लाल झाले. मग त्यांनी मला समोर बसवून तिफण समजावून सांगितली. तीन फणांची ती पेरणीची तिफण सरळ चालली, तर पुढे कोळपे दोन ओळींच्या मधून जाते आणि तेवढे तणच काढते. ओळ वाकडी गेली, तर कोळपे पीकच कापते. "आज्ञा डाव्या बाजूनं सुरू करायची. फेऱ्याच्या, म्हंजी परत परत करायच्या आज्ञेच्या, आतली ओळ दोन घरं आत. ह्या पानावर तशी तर त्या पानावर बी तशीच. तण, म्हंजी चूक, दिसाया पाह्यजे पोरांना. समजलं का, पुष्पे?"

मला समजले ते एवढेच, की शेंद्र्याची बाई मला, औरंगाबादच्या कारकुनाच्या लेकीला, कागद कसा सजवायचा ते शिकवते आहे.

त्यांची उदाहरणे वहीत हाताने लिहिलेली असत. प्रत्येकाखाली तांबड्या पेन्सिलीने एकच शेरा: 'चालवलं. अ.' आधी स्वतः संगणकावर चालवून बघायचे, उत्तर खरे निघाले की मगच शेरा. मी एकदा शहाणपणाने म्हणाले, "बाई, 'चालवलं' नाही, 'चालवले' लिहितात. नाहीतर सरळ 'तपासले' लिहा."

"तपासलं डोळ्यानं व्हतं. डोळा लई लबाड असतो, त्याला जे पाह्यजे तेच बघतो. आन् माझी बोली सुधारायची हौस असंल तर निवांत सुधार. आधी ओळ सुधार."

एवढा हट्ट कशासाठी, ते एका दुपारी डबा खाताना कळले. पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामाचे राज्य गेले आणि त्यांच्या गावची शाळा उर्दूतून मराठीत आली. घाईघाईत आलेल्या कुठल्याशा गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरे छापलेली होती. त्यांचा थोरला भाऊ, रामभाऊ, एका हिशेबापाशी अडला. त्याचे उत्तर मागच्या उत्तराशी जुळेना. गुरुजी म्हणाले, पुस्तक कसे चुकेल? रामभाऊने आठ दिवस पाटी पुसली आणि नवव्या दिवशी शाळा सोडली.

"चार सालांनी तेच पुस्तक माझ्या हातात आलं," अनसाबाई म्हणाल्या. "म्या केला तो हिशेब. दादाचं उत्तर बराबर व्हतं. छापलेलं चूक. पोरगं पुस्तकाला चूक म्हणत नाय गं, सोताला ढ म्हणतं. माझा भाऊ नांगराला गेला आन् ते पुस्तक शाळेतच राहिलं."

मी मान हलवली आणि लोणचे मागितले. अशी मी.

माझे टायपिंग पूर्ण झाले तेव्हा अनसाबाई भाचीच्या लग्नाला पंधरवडाभर गावी निघाल्या होत्या. "आल्यावर तुझी फ्लॉपी घेऊन समदी उदाहरणं चालवते, मग छापखाना," असे बजावून गेल्या. तिसऱ्याच दिवशी आमचे संचालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, माझ्या टेबलापाशी आले. प्रकाशनाचा समारंभ ठरला होता, पाहुणे ठरले होते.

"उदाहरणं तपासलीत ना?"

"हो साहेब. बाईंनी चालवलीत."

खोटे नव्हते. त्यांनी वही चालवली होती. मी टाइप केलेले कुणीच चालवले नव्हते. पण एकदा चालवलेले पुन्हा कशाला चालवायचे, असे पहिली आलेल्या बाईला वाटले.

अनसाबाई परतल्या तेव्हा ऑफिसात पुस्तकांचे गठ्ठे छतापर्यंत लागले होते. त्या सरळ आपल्या खुर्चीत बसल्या. संगणक लावला, माझी फ्लॉपी घातली, पहिले उदाहरण उघडले. पडद्यावर एरर. दुसरे उदाहरण, एरर. तिसरे, तेच. त्यांनी नाक काचेला टेकेपर्यंत वाकून पाहिले.

"पुष्पे, ओळीच्या नंबरात हा एक हाय का एल?"

"एल. पण बाई, छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात! कागदावर काही फरक नाही."

"कागदावर समदं चालतं," त्या म्हणाल्या आणि उठून साहेबांकडे गेल्या.

साहेब हसले. "एवढंच? वाचणारा एकच वाचेल."

"वाचंल. पन दाबंल काय? अर्धी पोरं टायपिंग क्लासातून येतात, साहेब. त्यांचं बोट कुठं जातं, ठावं हाय का?"

"परवा समारंभ आहे. पुस्तकं आज निघणार."

अनसाबाई दाराशी गेल्या आणि एका गठ्ठ्यावर मांडी घालून बसल्या.

"उद्यापासून कामावर येऊ नका," साहेब म्हणाले.

"नाय येत. पन आज उठत बी नाय."

खाली पुस्तके न्यायला आलेला हातगाडीवाला ओरडत होता. शेवटी साहेबांनी मला बोलावले. पुस्तक उघडून समोर ठेवले. "पुष्पाबाई, हे बघून टाइप करा. चाललं, तर पुस्तकं जातील आणि या बाई घरी." मग माझ्या खुर्चीशी वाकून हळूच म्हणाले, "नीट हं. एक म्हणजे एक."

संगणकावर एकाचे बटण कुठे आहे, ते मला तोवर चांगले ठाऊक झाले होते. ते दाबले असते, तर माझी चूक कायमची पुरली गेली असती. अनसाबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. पडद्याकडे बघत होत्या. मी पुस्तकातली काडी पाहिली आणि एल दाबला.

एरर. पुढची ओळ. एरर.

"मुद्दाम केलंत!" साहेब ओरडले. मग पुस्तक ओढून घेऊन त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरले. ती काडी एक की एल, ते त्यांनाही सांगता येईना. हातगाडी रिकामी परत गेली.

समारंभ पुस्तकाविना झाला, नारळ मात्र फुटला. पुस्तक पुन्हा छापले गेले. यावेळी प्रत्येक उदाहरण माझ्याच फ्लॉपीवरून चालवलेले. साहेबांनी अनसाबाईंना ते छापून होईपर्यंत ठेवले आणि जूनमध्ये निरोप दिला. त्यांनी शेंद्र्यात घरी गणिताचे वर्ग घेतले, भोवती कारखाने उठले तरी. गेल्या साली त्या गेल्या. त्या पुस्तकावर साहेबांचे नाव आहे, प्रस्तावनेत पाहुण्यांचे आहे, कापडाच्या दुकानदाराचेसुद्धा आभार आहेत. अनसाबाईंचे नाव कुठेच नाही. म्हणून इथे लिहिते आहे, आणि कुणाला विचारून लिहीत नाही: उदाहरणे अनसूयाबाईंची, मुक्काम शेंद्रा.

त्या दिवशी हातगाडी गेल्यावर मी जिन्यात बसून रडत होते. अनसाबाई येऊन शेजारी बसल्या. मला वाटले, आता पाठीवरून हात फिरवतील. मी हुंदका आवरून, थोड्या ऐटीतच म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी मी मुद्दाम एल दाबला."

त्यांनी पदर खोचला आणि उठल्या.

"माझ्यासाठी कामून? पुस्तकात व्हता म्हणून दाबलास, असं म्हण. आता डोळे पूस आन् चल वर. पहिल्या पानापासून चालव."