सायसिंगची मोडलेली पाळणी

मार्च महिना होता. पोस्ट बारा हजार फुटांवर, आम्ही नऊ जण. मी हवालदार, पोस्टचा कमांडर. पोस्टचं नाव लिहीत नाही, आम्हा लोकांची तशी सवय आहे. तीन बंकर, एक लंगर म्हणजे स्वयंपाकघर, एक सेंट्री पोस्ट. खाली कंपनी, चांगल्या दिवशी अडीच तासांची वाट.

मी धानोऱ्याचा, तालुका नंदुरबार. शाळा चौथीपर्यंत. बाकी जे शिकलो ते पलटणीत शिकलो, आणि कमी शिकलो नाही.

पोस्टवर माझ्या जिल्ह्याचा आणखी एकच माणूस होता. सिपाही सायसिंग वसावे, काठी गावाच्या बाजूचा, सातपुड्यातला. बाकी सगळे सातारा, सांगली, कोकण. मी अहिराणीत बोललो की ते हसायचे, आणि सायसिंग घरून आलेलं पत्र भिल्लीत मोठ्यानं वाचू लागला की आम्ही सगळेच हसायचो. तो मनावर घ्यायचा नाही. कमी बोलणारा गडी. वजन पन्नास-बावन्न किलो, पण चढणीला सगळ्यांच्या पुढे.

दिवस ठरलेला असे. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज. सहाला चहा. सव्वासहाला कंपनीशी रेडिओवर हजेरी. मग बर्फ वितळवून पाणी करणं, वाट साफ करणं, बंकरच्या छतावरचं बर्फ काढणं. तेच दुपारी, तेच संध्याकाळी. फौज म्हणजे गोळीबार असं लोकांना वाटतं. माझी वीस वर्षांतली बरीचशी फौज बेलच्यावर गेली. बेलचा म्हणजे आमचं फावडं.

होळीला नऊ दिवस राहिले तेव्हा सायसिंगनं पाळणी धरली. काठीच्या होळीची पाळणी माझ्या भागातल्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहितो. ज्यानं नवस धरला तो होळीपर्यंत खाटेवर झोपत नाही, दारू घेत नाही, बाईजवळ जात नाही. सायसिंगच्या घरात आणखी एक होतं, मला ते फार उशिरा कळलं. पाळणीत खोटं बोलायचं नाही. बोललं तर पाळणी मोडली, आणि मोडली की त्या माणसानं पुन्हा कधी धरायची नाही.

सुटी मिळाली नव्हती म्हणून त्यानं वरच पाळणी धरली. बंकरमध्ये जमिनीवर कांबळं टाकून झोपायचा. त्याच्या वाटची रम लान्स नाईक सावंतला जायची.

सावंत म्हणाला, "सायसिंग, तुझी होळी वर्षातून चारदा येऊ दे."

"तुला रम पाजायला माझा देव मोकळा बसलाय का?" सायसिंग म्हणाला.

त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य म्हणजे मोठी गोष्ट होती. सगळे हसले. सिपाही तानाजी जाधव तर हसता हसता चहा सांडून बसला. जाधव पोस्टवर सगळ्यात नवा, साताऱ्याकडचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला वरची घळ सुटली. आधी दोन दिवस ऊन पडलं होतं, बर्फ पाणी होऊन मातीत मुरलं होतं. आवाज फार झाला नाही. भरलेला ट्रक रिकामा केल्यासारखा झाला. लंगरमधून बाहेर येऊन बघितलं तर दोन नंबर बंकर नव्हता. तिथं चिखल, दगड, आणि छताच्या पत्र्याचा एक कोपरा. आत सावंत आणि जाधव होते. सेंट्री करून आलेले, झोपलेले.

मी रेडिओ घेतला.

"दोन नंबर बंकर बसला. दोन माणसं खाली. ओव्हर."

"जिवंत आहेत का? ओव्हर."

"माहीत नाही. मदत किती वेळात? ओव्हर."

"तीन तास. वाट खराब आहे. तोवर तुम्हीच बघा. आउट."

मी सगळ्यांना बेलचे घ्यायला सांगितले. सायसिंग अगोदरच चिखलात गुडघ्यावर बसला होता. हातमोजे काढून बाजूला ठेवलेले.

"बेलचा नको, उस्ताद," तो म्हणाला. "लोखंड लावू नका. खाली माणूस आहे."

काठीला होळीचा उंच बांबू उभा करतात, तो खड्डा हातांनी काढायचा असतो. त्याला अवजार लावत नाहीत. तो लहानपणापासून तो खड्डा काढत आलेला होता. मला ते ठाऊक होतं, आणि त्या घडीला त्याचाच राग आला.

"आठे काय होळी उभी करनी शे का?" मी ओरडलो. "उचल बेलचा."

त्यानं उचलला नाही. हुकूम मोडलेला मी त्याच्याकडून तेव्हा पहिल्यांदा बघितला. मी स्वतः बेलचा घेतला आणि सावंतची झोपायची जागा जिथं असेल तिथं घाव घातला. चौथ्या घावाला पातं मऊ लागलं. बाहेर काढलं तर पात्याला कानटोपीची लोकर चिकटलेली होती. लोकर लाल होती.

मी बेलचा टाकला. बाकीच्यांना म्हणालो, "टाका सगळे. हा सांगेल तसं करा."

सायसिंगनं सांगितलं. चौघं गोल बसा, डोक्याला डोकं लावून. बोटं जुळवून माती ओढायची, मांड्यांमधून मागे टाकायची. मागचा ती लांब करेल. ज्याचा दम जाईल त्यानं उठायचं, दुसऱ्यानं बसायचं. बोटांना कापड लागलं की थांबायचं, हाडाच्या कडेनं जायचं. तो स्वतः एकदाही उठला नाही. माती बर्फाच्या पाण्यानं भिजलेली होती. माझे हात दहा मिनिटांत बधिर झाले.

सात पन्नासला सावंतचं तोंड मोकळं झालं. छताचं लाकूड आडवं पडून छातीपाशी पोकळी राहिली होती. तो श्वास घेत होता. डावा कान अर्धा गेलेला. सव्वाआठला त्याला पूर्ण बाहेर काढला. जाधव नऊ दहाला सापडला. त्याला बेलचा लागला नव्हता. डॉक्टर नंतर म्हणाले, तो पहिल्या काही मिनिटांतच गेला असावा. मी ते मानतो. मानावं लागतं.

सुभेदार साहेब माणसं घेऊन पावणेदहाला पोचले. सावंत शुद्धीवर नव्हता. साहेबांनी कान बघितला.

"हे कशानं?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी सायसिंग बोलला.

"पत्र्यानं, साहेब. छताच्या पत्र्यानं."

"हवालदार?"

"जी, साहेब," मी म्हणालो.

रिपोर्टमध्ये पत्रा गेला, बाकीच्यांनीही तेच धरलं. बेलच्याची चौकशी झाली असती तर माझ्या फित्या गेल्या असत्या. तेव्हा माझ्या घरी दोन लेकी होत्या. सायसिंगलाही स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्याच्याजवळ वाकून मी विचारलं, असं का बोललास. तो म्हणाला, "तुम्ही बेलचा टाकला ना नंतर. बस." त्याचे हात पांढरे पडले होते, पुढं काळे झाले. उजव्या हाताची तीन बोटं काढली. मेडिकल बोर्डानं त्याला घरी पाठवलं.

सावंत बरा झाला, सर्व्हिस पूर्ण केली, मालवणकडे घर बांधलं. दर दिवाळीला फोन येतो. अजून म्हणतो, "त्या पत्र्यानं माझा चष्मा कायमचा वाकडा केला." मी हसतो. इतकी वर्षं मी हसत आलो.

सायसिंगकडे होळीला मी पाच-सहा वेळा गेलो. गावातले पाळणीवाले अंगाला राख लावून, कमरेला भोपळे बांधून नाचायचे. हा साध्या कपड्यांत गर्दीत उभा राहायचा. मला वाटायचं, बोटांमुळे लाजत असेल. विचारलं कधी नाही. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो छातीच्या दुखण्यानं गेला. मला एक महिन्यानं कळलं.

या वर्षी होळीला जायचं ठरवलं. गुडघे राहिले नाहीत, मोलगीची बस हाडं खिळखिळी करते, तरी ठरवलं. बेलच्याची गोष्ट घरात फक्त बायकोला माहीत आहे. पिशवी हातात देताना ती म्हणाली, "जाई ऱ्हायनात ते बोलीसन या."

"कोनले बोलू? तो ते गया."

"ज्याले बोलानं त्याले बोला. मन्हं काय," ती म्हणाली आणि आत गेली.

दुपारी पोचलो. सायसिंगची बायको मोगी आणि तिची सून ओट्यावर होळीच्या दाळ्या, म्हणजे भाजलेले हरभरे, निवडत बसल्या होत्या. मोगीनं पाणी दिलं, भाकर दिली. मराठी ती तुटक बोलते. माझी भाकर संपू दिली. मग म्हणाली, "दादा, तू वर होता त्याच्याबरोबर. एक विचारते. खरं सांग."

"विचार."

"तो काय खोटं बोलला?"

 ती सांगू लागली. बोटं गेल्यावर घरी आला, त्या पहिल्या होळीला सासऱ्यानं पाळणी धर म्हटलं. हा नाही म्हणाला. वर पाळणीत खोटं बोललो, आता माझी होत नाही, म्हणाला. कोणासाठी बोललास, विचारलं तर सांगितलं नाही. सासरा दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. लोक म्हणाले, फौजेत काहीतरी चोरून आला असेल.

"चोरलं त्यानं?" तिनं विचारलं.

मला तिथंही खोटं बोलता आलं असतं. सोपं होतं. खरं सांगायला वरचं दुसरं कोणी तिथं नव्हतं.

मी फोन काढला, सावंतला लावला, आणि आवाज मोठा करून दोघींच्या मधे ठेवला.

"काय हवालदार, आज दिवाळी आहे का?" सावंत म्हणाला.

"सावंत, तुझा कान पत्र्यानं गेला नाही. माझ्या बेलच्यानं गेला. सायसिंग नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. नंतर तो माझ्यासाठी खोटं बोलला. पाळणीत बोलला."

तिकडून पंखा फिरल्याचा आवाज येत होता. 

"आता सांगतोस," सावंत म्हणाला.

"हो."

"तो होता तेव्हा सांगितलं असतंस तर त्याला तरी उपयोग झाला असता. मला कानाचं काय."

"हो," मी म्हणालो. 

"कुठं आहेस तू?"

"त्याच्या ओट्यावर. त्याची बायको ऐकतेय."

"मग तिला सांग, सावंत जिवंत आहे म्हणून. नातू धरून पाच माणसं आहेत घरात." आणि त्यानं फोन ठेवला. मला राम राम केला नाही. तो पुन्हा फोन करेल की नाही, माहीत नाही.

सुनेनं सगळं भिल्लीत मोगीला पुन्हा सांगितलं. मोगीनं ऐकलं. डोळ्याला पदर लावला नाही. म्हणाली, "म्हणजे खोटं त्याचं नव्हतं. तुझं होतं."

"माझं होतं."

"गावात सांगशील?"

संध्याकाळी होळीच्या जागेवर म्हातारी माणसं जमली होती. मी उभा राहून सांगितलं. मराठीत सांगितलं, सायसिंगच्या पुतण्यानं भिल्लीत केलं. मी फौजेत कधी मान खाली घालून बोललो नव्हतो, तिथंही घातली नाही. पण आवाज चढला नाही माझा.  एका म्हाताऱ्यानं मला बसायला जागा केली.

गाव आपल्या गेलेल्या माणसांच्या नावानं होळीत दाळ्यांचे पहिले दाणे टाकत होतं, तेव्हा मोगी माझ्याकडे वळली.

"खाली दुसरा होता ना? मेला तो. त्याचं नाव मला माहीत नाही. हा दरवर्षी त्याच्यासाठी मूठभर टाकायचा, नाव मनातच घ्यायचा."

"तानाजी जाधव," मी म्हणालो.

तिनं ते दोनदा म्हणून बघितलं, नीट येईपर्यंत. मग मोठ्यानं घेतलं, आणि त्यामागून सायसिंगचं.