बॉनेटवर फिरलेला हात

बॉनेट पुन्हा खराब झालं होतं. एकदा नाही, दोनदा. सकाळी कारखान्याचं शटर वर गेलं आणि तिरपं ऊन त्या जुन्या निळ्या गाडीच्या तोंडावर पडलं, तेव्हा कागदबुवांना ते दारातूनच दिसलं. नव्या रंगात बारीक बारीक गोल खळगे पडले होते, जणू काही रंग तेवढ्याच जागी बसायला तयार नव्हता आणि अंग चोरून बाजूला सरकला होता.

कागदबुवांनी डबा खिळ्याला अडकवला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पाण्याची बादली ओढली. खरवडायचं, घासायचं, पुन्हा पहिल्यापासून.

त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी मालकिणीला तेवढं आठवायचं. बाकी सगळ्यांसाठी ते कागदबुवा. हातात कायम पॉलिश पेपर, खिशात पॉलिश पेपर, आणि बायको म्हणायची की उशीखालीसुद्धा. जुन्या गाडीला नवा रंग चढवायचा तर त्याआधीची सगळी कामं त्यांची: धुणं, तेलकटपणा काढणं, सुटलेल्या जुन्या रंगाच्या कडा घासून सपाट करणं, खड्ड्यांत पुट्टी भरणं, ती वाळली की पुन्हा घासणं. अख्खं आयुष्य त्यांनी ओल्या कागदाच्या खरखरीत काढलं. शेवटी मेहुणा रंगाची गन घेऊन यायचा, फस्स करून रंग मारायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, काय रंग लावलाय!" कागदबुवा तेव्हा मागे कोपऱ्यात चहा पीत असायचे. त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पडदा उघडल्यावर टाळ्या कुणाला मिळतात हे ज्यानं त्यानं ओळखूनच या धंद्यात यायचं असतं.

मात्र एका गोष्टीचा त्यांना ताठा होता. घासून झालं, पुसून झालं, की रंगाला देण्याआधी ते पत्र्यावरून एकदा हात फिरवत. डोळे मिटून, डावीकडून उजवीकडे, अर्धगोल. डोळ्याला न दिसणारी कड त्यांच्या हाताला लागायची. हा हात फिरला आणि ते "घे" म्हणाले, की मगच मेहुणा गन उचलायचा. तसा या कारखान्याचा रिवाजच पडून गेला होता.

"दाजी, झालं का सुरू?" मेहुणा आत येत म्हणाला. हा बायकोचा धाकटा भाऊ. शाळा सुटल्यावर बहिणीकडेच वाढला आणि दाजींच्या मागोमाग याच धंद्यात आला. आता त्याचेही कानांवरचे केस पांढरे झाले होते.

"सुरू काय, संपतंय कुठे?"

"मी काल कॉम्प्रेसर अख्खा उघडला. गनला जाणाऱ्या हवेत पाणी नाही, तेल नाही. नळी बदलली. आता आरतीच करायची राहिलीय त्याची."

"मग झालं कशानं?"

मेहुण्यानं थिनरच्या डब्याचं झाकण उगाचच दोनदा लावलं.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. नवरा गेल्यावर त्यांनीच कारखाना चालवला होता. आवाज कधी चढवत नसत, म्हणूनच लोक त्यांना जास्त घाबरत. बॉनेटकडे पाहून त्या मेहुण्याला म्हणाल्या, "हे बघ, मी तुला काही बोलले नव्हते पहिल्या वेळी. पण गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं माझ्या. आजही असंच झालं तर मी गनवर दुसरा माणूस बघणार. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही, बाई."

"कागदबुवा, तुमचं काम नेहमीसारखंच असेल, मला माहितेय."

कागदबुवांनी मान हलवली. ती हलवताना ती किती जड झालीय हे त्यांना कळलं.

बाई ऑफिसात गेल्या. मेहुणा गन धुवायला बसला. कागदबुवांनी कागद भिजवला आणि वाकले. ऊन आता बॉनेटवर आडवं लोळत होतं, आणि त्या उजेडात ते खळगे ओळीनं दिसायला लागले. कुठेही कसेही सांडलेले नव्हते ते. डावीकडून उजवीकडे, अर्धगोल. मग पुन्हा थोडं खाली, पुन्हा अर्धगोल.

कागद हातातच राहिला.

त्यांनी आपला उजवा हात उचलून त्या ओळीवर अधांतरी धरला आणि फिरवला. तंतोतंत.

कागदबुवा उलट्या बादलीवर बसले. त्यांच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उघडा हात पत्र्याला लावायचा नाही. पातळ सुती फडकं मध्ये ठेवायचं. घाम लागत नाही आणि कड उलट जास्त कळते. जन्मभर त्यांनी तेच केलं, दुसऱ्यानं नुसतं बोट लावलं तरी अंगावर धावून गेले. पण गेल्या थंडीपासून फडक्यातून काही लागेनासं झालं. बोटांची टोकं थंड पाण्यात भिजून भिजून बधिर झाली होती. चहाचा ग्लास तापलाय हे त्यांना बायकोच्या ओरडण्यावरून कळायचं. मग त्यांनी गुपचूप फडकं खिशात टाकलं आणि उघडा हात फिरवायला लागले. कुणी पाहत नसताना. खरं सांगायचं तर उघड्या हातालाही फारसं काही लागत नव्हतं. ते नुसते डोळे मिटायचे आणि "घे" म्हणायचे.

आणि आता मुलीनं परवा-परवा पाठवलेलं ते मलम! भेगांसाठी. रोज सकाळी फोन: "बाबा, चोळलं का?" चोळलं बाई, चोळलं. गुळगुळीत, वासाचं, धुतलं तरी न जाणारं. पत्रा पुसून कोरडा केल्यावर वर तोच हात.

पलीकडे मेहुणा गनची सुई फुंकत होता. दुसरा माणूस आला तर हा या वयात जाणार कुठे? आणि हे सांगितलं तर सगळंच सांगावं लागणार होतं, फडक्याचं, बोटांचं. मग कागदबुवांकडे उरणार काय, तर एक बादली.

गुडघे दुखत होते, पाठ दुखत होती, आणि या सगळ्याचाच त्यांना कंटाळा आला होता, लपवण्याचा तर सगळ्यात जास्त.

मग ते उठले. भंगारातून एक जुना दरवाजा ओढून काढला, घासला, नेहमीच्या रसायनानं पुसून लख्ख केला आणि भिंतीला टेकवला.

"बाई, जरा बाहेर या," त्यांनी हाक मारली. मग मेहुण्याला म्हणाले, "आणि तू गनमध्ये रंग भर."

"या दरवाजाला? कुणाचा आहे?"

"माझा. भर म्हणतो ना!"

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कागदबुवांनी उजवा पंजा पुसलेल्या पत्र्यावर सपाट टेकवला आणि उचलला. काहीच दिसत नव्हतं.

"मार."

मेहुणा हलला नाही. "दाजी, राहू द्या ना."

"मार रे!"

फस्स. निळा रंग पत्र्यावर पसरला, क्षणभर काचेसारखा चमकला, आणि मग हळूहळू त्यातून एक पंजा वर आला. पाच बोटं, तळवा, तळव्यावरची रेघसुद्धा. तिथं रंग दूर सरकला होता.

बाई दोन पावलं पुढे येऊन वाकल्या.

"हा गनचा दोष नाही," कागदबुवा म्हणाले. "मुलीनं मलम दिलंय, ते. पण मलमाचं नाव कशाला घेऊ? फडकं मीच सोडलं. बोटांना काही कळत नाही माझ्या, बाई. थंडीपासून कळत नाही. आता दुसरा माणूस बघायचा तर माझ्या जागी बघा."

मेहुण्यानं गन खाली ठेवली. "बघू नका, बाई. मला हे पहिल्याच वेळी दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?" कागदबुवा वळले.

"माझी गन सरळ जाते, दाजी. असे अर्धगोल काढायला मी काय रांगोळी घालतो?"

"मग मेल्या, तोंड शिवलं होतं का तुझं?"

"सांगून ताईच्या घरी जेवायला कुठल्या तोंडानं गेलो असतो?"

"म्हणून नोकरी घालवणार होतास? गाढवा!"

"तुम्हीच वाढवलंत," मेहुणा म्हणाला.

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. दरवाज्यावरच्या त्या पंजाकडे त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. "बॉनेट आज व्हायला हवं," त्या म्हणाल्या. "कोण काय करतं ते तुम्ही दोघं ठरवा. मलम मात्र घरी गेल्यावर." आणि आत गेल्या.

कागदबुवांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, रबरी हातमोजे चढवले आणि बॉनेट घासायला घेतलं. दुपार झाली, डबा खिळ्यालाच राहिला. वाळून, पुसून झाल्यावर त्यांनी सवयीनं डोळे मिटले, हात अर्ध्यावर उचलला, आणि तसाच खाली घेतला.

फळीवर काळ्या रंगाची एक बाटली होती. घासलेल्या पत्र्यावर तिचा हलका फवारा मारायचा आणि पुन्हा घासायचं. खोलगट जागी काळं उरतं, उंच जागी निघून जातं. मेहुण्यानं ती कधीची आणून ठेवली होती. "आंधळ्यांची काठी," असं कागदबुवा तिला म्हणत आणि हातही लावत नसत. आज त्यांनीच ती उतरवली. हलवली. सबंध बॉनेटवर काळा धुरळा बसू दिला.

मग कागद भिजवून घासत गेले. काळं निघत गेलं आणि खालचं दिसत गेलं: निळं, करडं, निळं. डाव्या कडेला, ज्या जागेला त्यांनी दोनदा "घे" म्हटलं होतं, तिथं एक लांब काळी रेघ तशीच राहिली.

कागदबुवा ती बघत उभे राहिले.

"दाजी?" मेहुण्यानं मागून विचारलं. "घेऊ?"

"थांब," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले. "अजून इथं काळं दिसतंय."